दोनदा निवडून आलेला, दोनदा नाकारलेला

कॅनडातील यहूदी बांधवांच्या इतिहासात इझिकेल हार्ट यांचे नाव आदराने घेतले जाते. आमच्या पुष्कळ वाचकांना ते अपरिचित असेल, म्हणून त्यांचा अल्प परिचय येथे करून देत आहोत.

हार्ट यांचा जन्म १७७० साली त्रुआ-रिव्हियेर या गावी झाला. वडील अ‍ॅरन हार्ट हे तेथील नामांकित व्यापारी होते. ११ एप्रिल १८०७ रोजी इझिकेल हार्ट लोअर कॅनडाच्या, म्हणजे आजच्या क्विबेकच्या, विधानसभेवर निवडून आले. मतदारांत बहुसंख्य लोक फ्रेंचभाषक कॅथलिक होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८०८ च्या जानेवारीत त्यांनी मस्तक झाकून, हिब्रू बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आणि वादास तोंड फुटले. २० फेब्रुवारी रोजी सभागृहाने ठराव केला की, यहूदी धर्माच्या मनुष्यास येथे बसता येणार नाही व मतही देता येणार नाही. यामागे केवळ धर्मद्वेष होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. हार्ट यांचे मत इंग्रज पक्षास मिळेल, ही फ्रेंच बहुमताची धास्तीही त्यामागे होती. परंतु राजकारणाला हत्यार हवे होते आणि ते धर्माच्या रूपाने हाती आले.

त्याच वर्षी मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. या वेळी हार्ट यांनी ख्रिस्ती सभासदांप्रमाणेच शपथ घेतली. तरीही १८०९ साली त्यांची पुन्हा हकालपट्टी झाली! आक्षेप शपथेच्या शब्दांवर नव्हता, माणसावरच होता, हे उघड झाले.

मात्र काळ बदलला. १८३२ साली त्याच प्रांतात यहूद्यांना इतर प्रजाजनांच्या बरोबरीचे हक्क देणारा कायदा अमलात आला. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटचे दार यहूदी सभासदास १८५८ पर्यंत उघडले नव्हते. हार्ट १८४३ साली निवर्तले. तो कायदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

आम्हां बेने इस्राएलांना ही कथा परकी वाटू नये. आपण सर्वार्थाने यहूदी आहोत, हे इस्राएलच्या संसदेने १९६४ साली जाहीर करीपर्यंत आम्हांसही झगडावे लागले होते. दुसऱ्याच्या समाधानासाठी आपण कितीही वाकलो, तरी मान मिळतोच असे नाही. तो मिळतो न्याय्य कायद्याने आणि आपल्या चिकाटीने. हार्ट यांच्या चरित्रातून आम्ही हाच बोध घेतो.