पावसाआधी निवारे उघडा, नाहीतर आमच्या पथाऱ्या वॉर्ड ऑफिसच्या दारात

मुंबई महानगरपालिका आणि राज्याचा नगरविकास विभाग, दोघांनाही हा जाहीर इशारा आहे. विनंतीअर्जांचे दिवस संपले.

लाख वस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा, बारा महिने, चोवीस तास उघडा, असे सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2010 मध्येच राज्यांना बजावले. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी पैसाही आला. बांधकामात केंद्राचा वाटा आधी 75 टक्के, पुढे 60 टक्के. बाकीचा राज्याने घालायचा. माणशी 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, आणि रेशन, अंगणवाडी, दवाखान्याशी जोडून देणे, हे सगळे त्याच नियमांत लिहिलेले आहे. नवी इमारतच हवी असेही नाही, पडून असलेली पालिकेची इमारत दुरुस्त करूनही चालते.

आता हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे. प्रत्येकी शंभर माणसे धरली तर 12,400 जणांची सोय होते. त्याच जनगणनेत शहरात बेघर मोजले गेले सुमारे 57 हजार. नियम तंतोतंत पाळला तरी पाचांतले चार फुटपाथवरच राहतात! आणि आम्ही तर अजून नियमातला पहिला आकडाच मागतो आहोत.

ही माणसे कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. नाक्यावर उभे राहणारे मजूर, मंडईतले हमाल, सिग्नलला गजरे विकणाऱ्या बाया, लग्नात तुमची ताटे उचलणारी पोरे. अतिक्रमणाची गाडी पथारी उचलते तेव्हा तिच्यासोबत आधार कार्ड आणि पोरांचे शाळेचे दाखलेही जातात. मग पत्ता नाही म्हणून रेशन नाही, आणि रेशन कार्ड नाही म्हणून पुढचे काहीच नाही. पदपथावरच्यांना जगण्याचा आणि रोजीचा हक्क आहे, हे ओल्गा टेलिस खटल्यात 1985 सालीच ठरले आहे. चाळीस वर्षांनी ते पुन्हा सिद्ध करायला आम्ही बसणार नाही.

15 मेपर्यंत चालू निवाऱ्यांची वॉर्डनिहाय यादी, खाटांसह, जाहीर करा. आलेला, खर्च झालेला आणि पडून राहिलेला निधी वर्षवार मांडा. कुटुंबांसाठी आणि एकट्या बायकांसाठी वेगळे निवारे सुरू करा; नवरा एकीकडे, बायको-पोरे दुसरीकडे, असल्या सोयीत कुणीही जाणार नाही. चालवण्यासाठी अभियानातून मिळणारा पाच वर्षांचा निधी संपला म्हणून एकाही निवाऱ्याला टाळे लागता कामा नये. योजनेची मुदत संपली ही सबबही चालणार नाही, कारण न्यायालयाचा आदेश योजनेच्या मुदतीला बांधलेला नाही.

16 मेच्या सकाळी यादी हातात नसेल, तर प्रत्येक वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील आणि सर्वोच्च न्यायालयात अवमानाची याचिका दाखल होईल. त्या रात्रीपासून बिऱ्हाडे पोराबाळांसह वॉर्ड ऑफिसांच्या फाटकासमोर मुक्कामाला येतील. उठवायला आलात, तर कुठल्या निवाऱ्यात नेणार त्याचा पत्ता लेखी घेऊन या.