सत्तावन्न किलोंचा केसरी

भारताच्या पुरुष पैलवानांनी आजवर सात ऑलिम्पिक पदकं आणली. खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, वजनगट ५७ किलो. सुशील कुमार, बीजिंग २००८ आणि लंडन २०१२, दोन्ही वेळा ६६. योगेश्वर दत्त, लंडन, ६०. रवी दहिया आणि बजरंग पुनिया, टोकियो, ५७ आणि ६५. अमन सेहरावत, पॅरिस २०२४, पुन्हा ५७. यादी संपली. सहा माणसं, सात पदकं आणि सगळ्यात जड गट ६६ किलोंचा.

आता या सहाही जणांना त्यांच्या पदकाच्या वजनावर महाराष्ट्र केसरीच्या काट्यावर उभं करा. एकालाही गदेसाठी लढता येणार नाही. कारण गदेची कुस्ती आज ८६ ते १२५ किलोंच्या गटात होते. खाशाबा तर आपल्या गोळेश्वरचे, कराडजवळचे. त्यांना हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवलं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक दिलेला हा मराठी पैलवान महाराष्ट्राच्या सर्वोच्च किताबासाठी 'बसत नाही'.

म्हणून सरळच लिहितो. महाराष्ट्र केसरी हा किताब आज ज्या स्वरूपात आहे, त्या स्वरूपात तो महाराष्ट्राच्या कुस्तीचं नुकसान करतोय. भांडणं, पंच, दोन-दोन संघटना हे सगळं आहेच, त्यावर पुढे येतो. पण मूळ दुखणं वजनाचं आहे आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही.

किताबाचा इतिहास छोटा नाही. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मग गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, प्रत्येकी सलग दोनदा. काही वर्षी तर निकालच लागला नाही, गदा कुणालाच मिळाली नाही. सलग तीन वेळा जिंकायला २०११ ते २०१३ मधला नरसिंग यादव यावा लागला आणि लगेच पुढची तीन वर्षं विजय चौधरीने तेच केलं. ही नावं गावागावांत पाठ आहेत. चांदीची गदा खांद्यावर घेतलेला फोटो कित्येक तालमींच्या भिंतीवर दिसतो.

आणि त्या फोटोखाली पंधरा वर्षांचं पोरगं जोर मारत असतं. त्याचं अंग शिडशिडीत आहे, पकड चपळ आहे, पट काढायला विजेसारखं घुसतं. नैसर्गिक वजन होईल साठ-पासष्ट. जगात इतरत्र अशा पोराला सांगतात, हेच वजन धर, यातच तयार हो, जमलं तर दोन किलो कमी कर. आपल्याकडे त्याला सांगतात, 'अंग धर.' दूध वाढव, तूप वाढव, बदाम वाढव. बाप उसाचं बिल आलं की आधी खुराकाचे पैसे बाजूला काढतो. का? कारण गदा वर आहे, नाव वर आहे, जत्रेतली शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती वर आहे. पासष्ट किलोंत राज्याचं सोनं जिंकलं तर पेपरात आतल्या पानावर एक ओळ.

जानेवारी २०२३ मध्ये ही स्पर्धा कोथरूडला झाली. कर्वेनगरातून चालत जाता येईल इतकी जवळ. आठवडाभर आमच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या लढतीतल्या त्या चार गुणांवरून लोक मोबाईलवर व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून भांडत होते. शिवराज राक्षे जिंकला, त्याला थार मिळाली, हेही सगळ्यांना ठाऊक. मी विचारलं, ५७ किलोंत कोण आलं? शांतता. टपरीवरची सगळी मंडळी कुस्तीची शौकीन होती बरं का, नुसती रील बघणारी नव्हेत.

राहुल आवारेचं उदाहरण तर डोळ्यांत घालावं असं आहे. बीडच्या पाटोद्याचा मुलगा, पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि पुढे काका पवारांच्या हाताखाली तयार झाला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य. ज्या गुरूने त्याला घडवलं ते बिराजदार स्वतः १९६९ चे महाराष्ट्र केसरी. शिष्य जगात तिसरा आला, पण गुरूच्या किताबाचं दार त्याला बंद. राज्याने त्याला पोलिसात मोठं पद दिलं, हे मान्य. पण भिंतीवरचा फोटो? तो गदेवाल्याचाच.

कुणी म्हणेल, नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय कुस्त्या ७४ किलोंत खेळायचा, तरी जड गटात उतरून तीनदा गदा घेऊन गेला ना. गेला. जागतिक कांस्यपदक घेऊ शकणारा एक पैलवान आपल्याहून जड माणसांना हरवू शकतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ५७ किलोंच्या पोराने ११० किलोंच्या अंगाखाली शिरावं, असं त्यातून निघत नाही.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. केसरी म्हणजे सिंह, सिंह एकच असतो, मातीला वजनकाटा माहीत नव्हता वगैरे. हे अर्धवट आहे. काटा नव्हता, पण वस्तादाचा डोळा होता. जत्रेच्या मैदानात जोड लावतात म्हणजे काय करतात? दोन पोरं समोरासमोर उभी करून उंची, खांदे, मांड्या बघतात. बेजोड कुस्ती लावली तर पब्लिकच हुर्यो उडवतं. दिवसाची सुरुवात रेवडीच्या कुस्त्यांनी होते आणि त्यातल्या चिमुरड्यालाही त्याच मैदानात फेटा बांधतात. वजनगट हे परदेशातून आलेलं खूळ नाही. जोड बघण्याचंच ते आकड्यांतलं रूप आहे. परंपरा मोडली असेल तर ती आपण मोडली, एकाच जोडीला सगळा मान देऊन.

आता भांडणांकडे. डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठी झालेली आपली पिढी. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, हे आपल्याला दहाव्या वर्षी कळलं आणि तरी आपण बघत राहिलो. पण पट्ट्याचा हिशेब बघा. २००१ मध्ये ख्रिस जेरिकोने एकाच रात्री रॉक आणि स्टीव्ह ऑस्टिनला हरवून दोन पट्टे एक केले. २००२ मध्ये पुन्हा दोन झाले, तर ते दोन आहेत हे उघड सांगितलं, नावंही वेगळी ठेवली. डिसेंबर २०१३ मध्ये रँडी ऑर्टनने जॉन सीनाला हरवलं आणि पुन्हा एक केले. कुणाकडे पट्टा किती दिवस होता, सगळी नोंद. खोट्या कुस्तीचा हिशेब इतका चोख.

आणि खऱ्या कुस्तीचा? नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं आणि तो महाराष्ट्र केसरी झाला. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि तोही महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. जिल्हा एक, वर्ष एक, किताब एक, मानकरी दोन. डेटाबेसमध्ये अशी नोंद भरायला गेलो तर सिस्टीम चूक दाखवते. इथे संघटना दोन, दोघींच्या मागे राजकारणी उभे, आणि दोघी म्हणतात खरी मीच. पैलवानाने वर्षभर घाम गाळून जे मिळवलं, ते अर्धं खरं की पूर्ण, हे दुसऱ्याच कुणाच्या हातात.

अहिल्यानगरला राक्षेने पंचाला लाथ मारली. ती चूकच, तिचं समर्थन नाही. महेंद्र गायकवाडने अंतिम कुस्ती अर्धवट सोडली. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पण पाच वर्षांपूर्वी, २०२० च्या सुरुवातीला, बालेवाडीत हर्षवर्धन सदगीरने अंतिम लढत जिंकून हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून मैदान फिरवलं होतं. दोघं एकाच तालमीचे. माणसं एवढ्यात बदलत नाहीत. एका कुस्तीवर गाडी, नाव आणि बहुधा पुढचं आयुष्य टांगलं की पाठ टेकली की नाही, हा प्रश्न पंचाच्या शिट्टीने मिटत नाही. पणाला लागलेलं सगळं एकाच गटात कोंबलं की स्फोट त्याच गटात होणार. दहा गटांत वाटलं असतं तर एका निकालाचं ओझं एवढं झालं नसतं.

बायकांचं तर काय सांगावं. मी राहतो त्या उपनगराला ज्यांचं नाव आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवांचा आश्रम इथे हिंगण्याच्या माळावर आणला १९०० मध्ये. पहिली महिला महाराष्ट्र केसरी, प्रतीक्षा बागडी, झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. दह्यारींनंतर बासष्ट वर्षांनी. बासष्ट वर्षं जो किताब अर्ध्या राज्याला बाहेर ठेवून चालला, त्याने आता 'आमची परंपरा' म्हणून हलक्या पोरांना बाहेर ठेवू नये.

मोठ्या गटाची गदा काढून घ्या असं मी म्हणत नाही. तिच्या जोडीला ५७ आणि ६५ किलोंची गदा द्या, इनाम तेवढंच ठेवा. ५७ च्या गदेला खाशाबांचं नाव द्या. दोन्ही संघटनांनी मिळून १९६१ पासूनची एकच नोंदवही जाहीर करावी, सगळ्या गटांच्या विजेत्यांसह, आणि प्रत्येक अंतिम लढतीचं सगळ्या कोनांतून केलेलं चित्रण त्याच दिवशी सगळ्यांना बघायला खुलं करावं. पैसा फारसा लागत नाही. आमच्यासारखी चार पोरं ही नोंदवही शनिवार-रविवारात फुकट बांधून देतील.

आणि ५७ किलोंची अंतिम लढत दुपारच्या उन्हात नको. शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, दिव्यांखाली, मोठ्या कुस्तीच्या लगेच आधी लावा. गदेत चांदी थोडी कमी घातली तरी चालेल, उचलणारं पोरगंही हलकंच आहे.