डार्क मॅटरचा कण सापडेना. सुपरसिमेट्री चुकली का?

अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची जुनी खाण आहे. तिथे जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर १० टन द्रवरूप झेनॉन वापरून एक प्रयोग सुरू आहे. डार्क मॅटरचा एखादा कण झेनॉनच्या अणुकेंद्रकाला धडकला, तर बारीकशी चमक दिसेल, अशी त्यामागची कल्पना. लक्स-झेप्लिन नावाच्या या प्रयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदींचा निकाल सांगितला: असा कण सापडला नाही.

ही बातमी का महत्त्वाची, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

विश्वातलं न दिसणारं द्रव्य

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सहातले पाच भाग दिसतच नाहीत. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या समूहात याचा सुगावा लागला. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांतून दिसलं, की दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा फार वेगाने फिरतात. दिसणाऱ्या द्रव्याचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरणारं नव्हतं.

हे अदृश्य द्रव्य कशाचं बनलंय? याचं एक उत्तर सुपरसिमेट्रीने दिलं. या सिद्धांतानुसार प्रत्येक मूलकणाला एक जड जोडीदार असतो. गंमत म्हणजे तो डार्क मॅटरसाठी मांडलेलाच नव्हता. पण त्याच्या अनेक रूपांमध्ये सर्वांत हलका जोडीदार टिकून राहतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो आणि तो प्रकाश देत नाही. 'न्यूट्रलिनो' हा त्यातला सर्वांत चर्चेतला उमेदवार.

जत्रा पांगली आणि कण उरले

महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांत विश्व इतकं तापलेलं होतं, की असे कण सतत तयार होत आणि एकमेकांना भिडून नष्टही होत. विश्व थंड झालं, तसे नवे कण तयार व्हायचे थांबले. विश्व प्रसरण पावत राहिलं आणि उरलेल्या कणांमधलं अंतर वाढत गेलं. ऐन जत्रेत ओळखीचं माणूस भेटतंच. जत्रा पांगल्यावर रिकाम्या मैदानात कोण कुणाला भेटणार? कणांचंही तेच झालं. भेटी थांबल्या आणि उरले ते कायमचे उरले.

किती उरले, याचं गणित मांडल्यावर शास्त्रज्ञ चकित झाले. न्यूट्रलिनोसारख्या, म्हणजे जड आणि अगदी क्षीण क्रिया करणाऱ्या 'विम्प' कणांसाठी येणारा आकडा आज दिसणाऱ्या डार्क मॅटरच्या जवळपास जुळत होता. याला 'विम्प चमत्कार' म्हटलं गेलं. या एका जुळणीवर पुढची काही दशकं प्रयोग उभे राहिले. जुळणी सुंदर होती, पण तो पुरावा नव्हता आणि हा फरक अनेकदा विसरला गेला.

मग अडलं कुठे?

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला. सुपरसिमेट्रीचा एकही कण मात्र अजून सापडलेला नाही. तिथल्या सीएमएस प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सहभागी आहे.

म्हणून सिद्धांत खोटा ठरला असं नाही. कण अधिक जड किंवा आणखी क्षीण क्रिया करणारे असू शकतात. पण जी साधी, नीटस रूपं लोकांना आवडत होती, त्यांतली बरीच बाद झाली आहेत. शिवाय 'अजून थोडं पुढे शोधा' हे उत्तर किती वेळा द्यायचं, हाही प्रश्न आहेच.

भूमिगत प्रयोगांपुढे वेगळीच अडचण आहे. उपकरणं इतकी संवेदनशील झालीत, की सूर्याकडून येणारे न्यूट्रिनोही विम्पसारखाच खुणावणारा संकेत देऊ लागले आहेत. याच होमस्टेक खाणीत रेमंड डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो पकडले होते आणि त्यासाठी २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हाचा शोध आता अडथळा बनलाय.

दरम्यान ॲक्सिऑनसारख्या अगदी हलक्या कणांचा शोध जोर धरतोय. आणि जिनिव्हात सुमारे ९१ किलोमीटर लांबीच्या नव्या कोलायडरची चर्चा सुरू आहे. त्यावर अब्जावधी फ्रँक खर्च होतील. जुन्या कोलायडरच्या वेळी 'सुपरसिमेट्री सापडेल' ही मोठी आशा होती. या वेळी तशी हमखास आशा दाखवता येत नाही, त्यामुळे खर्चाचं समर्थन करणं शास्त्रज्ञांना जास्त अवघड जाणार आहे.