संगणकाची 'बीप' बंद करावी काय?

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. लॅपटॉपच्या नको असलेल्या बीप बंद झाल्याच पाहिजेत. परंतु सगळे आवाज एका बटणाने कायमचे बंद करून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. या दोन गोष्टींत आम्हाला मोठा फरक वाटतो. तो पालकांना आणि आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना समजावून सांगावा म्हणून हा लेख.

निमित्त असे, की गेल्या शिक्षक-पालक सभेत एक सूचना आली. संगणक कक्षातले लॅपटॉप दिवसभर वाजत असतात, शेजारच्या वर्गात शिकवणे कठीण होते, मुलांचे चित्त ठिकाणावर राहत नाही, तेव्हा सर्व लॅपटॉप कायमचे मुके करावेत, अशी ती सूचना. एका पालकांनी तर सोपा जुगाडही सांगितला, की हेडफोनच्या भोकात एक तुटका जॅक खोचून ठेवावा, म्हणजे आवाज बाहेर येणारच नाही. सभा हसली आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही मात्र निर्णय राखून ठेवला आहे.

तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करू. एका तासाला वीस मुले वीस लॅपटॉपवर बसतात. प्रत्येकाचे काही ना काही चुकते, आणि चुकले की यंत्र वाजते. ज्याचे वाजते त्याच्याकडे सगळा वर्ग वळून पाहतो. जे मूल आधीच बिचकत संगणकाला हात लावते, त्याला ही बीप चारचौघांत दिलेल्या रागावण्यासारखी वाटते. गणिताच्या वहीत चूक झाली तर ती फक्त मुलाला आणि शिक्षकाला कळते. संगणकावरची चूक साऱ्या वर्गाला का कळावी? अशी बीप बंद व्हावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आता हा आवाज आला कुठून, तेही थोडे पाहू. त्याचा पूर्वज म्हणजे चक्क घंटा आहे. जुन्या टेलिप्रिंटरमध्ये खरी घंटा बसवलेली असे. दूरच्या गावाहून महत्त्वाचा मजकूर येऊ लागला की पलीकडचा माणूस एक खूण पाठवी, इथली घंटा वाजे आणि यंत्रावरचा माणूस उठून येई. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची अक्षर-संकेतांची पद्धत ठरली, तेव्हा तिच्यात ७ हा क्रमांक या घंटेसाठीच ठेवला गेला, आणि तो आजही त्या यादीत आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला त्यात एक लहानसा स्पीकर होता. यंत्र सुरू करताना आतली तपासणी ठीक झाली की तो एकदा वाजे. म्हणजे बीपचे मूळ काम त्रास देण्याचे नव्हते. 'इकडे लक्ष द्या' एवढेच तिचे म्हणणे होते.

शाळेतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. आपली घंटा तास बदलताना एका प्रकारे वाजते, मधल्या सुट्टीला दुसऱ्या प्रकारे, आणि शाळा सुटताना लांबच लांब. पहिलीतले मूलही महिन्याभरात हे टोले ओळखू लागते. त्याच मुलांना आपण लॅपटॉपचे टोले मात्र ओळखायला शिकवत नाही. म्हणून त्यांना सगळ्या बीप सारख्याच वाटतात, आणि सगळ्याच नकोशा होतात.

वास्तविक त्या सारख्या नाहीत. आमच्या संगणक शिक्षकांच्या मदतीने आम्ही त्यांची वर्गवारी केली, तेव्हा साधारण चार जाती निघाल्या.

पहिली जात विंडोजच्या सूचनांची. चुकीच्या जागी क्लिक केले, एखादी चौकट उघडली, पेन ड्राइव्ह लावला किंवा काढला, की आवाज येतो. सर्वांत जास्त गोंगाट हिचाच, आणि यातली बरीचशी माहिती पडद्यावर दिसतच असते. ही बंद केली तर बिघडत नाही.

दुसरी जात कीबोर्डची. मुले नकळत ही चालू करतात. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज', उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की 'फिल्टर कीज', आणि नम लॉक पाच सेकंद धरले की 'टॉगल कीज', अशा सोयी आवाज करीत पुढे येतात. मूल घाबरून जी चौकट दिसेल तिला 'यस' म्हणते. मग फिल्टर कीजमुळे हलकेच दाबलेली अक्षरे उमटेनाशी होतात आणि सगळे म्हणतात, कीबोर्ड बिघडला. कीबोर्ड बिघडलेला नसतो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'कीबोर्ड' उघडून ही सोय बंद केली, आणि शिफ्टने ती सुरू होण्याचा शॉर्टकटही काढून टाकला, की काम झाले.

तिसरी जात विंडोज सुरू होण्याआधीची. बटण दाबले, पडदा काळाच राहिला आणि यंत्र ठराविक वेळा वाजून थांबले, तर ते आपले दुखणे सांगत आहे असे समजावे. किती वेळा वाजले त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये दोन बीप म्हणजे रॅम सापडत नाही. कधी कारण त्याहून साधे असते. कीबोर्डवर वही टेकलेली असते आणि एखादी कळ दाबलेलीच राहते. विंडोजचा आवाज बंद करून ही बीप थांबत नाही, आणि तिला थांबवू पाहणेही योग्य नाही. ताप उतरवायचा तर थर्मामीटर फोडून चालत नाही.

चौथी जात बॅटरीची. आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि आमचे काही लॅपटॉप वयस्कर झालेले आहेत. बॅटरी संपत आली की पडद्यावरही सूचना येते, पण मुलाची मान खाली कीबोर्डकडे असते. तेव्हा तो आवाजच त्याला 'आता काम सेव्ह कर' असे सांगतो. तो नसेल तर पाऊण तासाचा निबंध एका क्षणात नाहीसा होईल, आणि मूल म्हणेल, यापेक्षा वही बरी.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. आपल्या शाळेत नववीत एक विद्यार्थिनी अशी आहे, की जिची दृष्टी फार अधू आहे. कॅप्स लॉक चालू आहे की बंद, हे दाखवणारा कीबोर्डवरचा बारीक दिवा तिला दिसत नाही. वर ज्या 'टॉगल कीज'ची तक्रार सांगितली तीच तिच्या कामाची आहे. कॅप्स लॉक चालू झाले की वरचा स्वर वाजतो, बंद झाले की खालचा. एवढ्यावर ती आपला मजकूर बिनचूक लिहिते. एनव्हीडीए नावाचा एक निःशुल्क प्रोग्राम आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टे या दोघा दृष्टिहीन तरुणांनी तो सुरू केला. तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि एखादे काम किती पुढे सरकले हे चढत्या स्वराच्या बीपने सांगतो. आपल्यासाठी जी कटकट, ती अशा मुलांसाठी डोळ्यांची जागा घेते. सर्व लॅपटॉप मुके करण्याचा ठराव झाला तर इतरांना शांतता मिळेल, आणि या मुलीच्या हातून संगणक जाईल. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातही मान्यताप्राप्त शाळांत प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय असावी असे म्हटले आहे. पण कायदा नसता तरी आमचे मत हेच असते.

'मग आवाज आहेत तसे राहू द्या' असेही कोणी म्हणेल. तेही आम्हाला पटत नाही. राजवाड्याच्या चौकात संध्याकाळी उभे राहून पाहावे. हॉर्न इतके वाजतात, की कोणी कोणाचा ऐकत नाही, आणि ज्याला खरोखर वाट हवी असते त्याचाही ऐकला जात नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळेच मुलांना सांगतो. रुग्णालयांत तर हा जिवाशी खेळ ठरतो. अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ साली इशारा दिला, की रुग्णांजवळच्या यंत्रांच्या ८५ ते ९९ टक्के अलार्मवर उपचार म्हणून काहीच करावे लागत नाही, आणि सततच्या आवाजाने कर्मचाऱ्यांचे कान बधिर होऊन खरा अलार्म दुर्लक्षित राहतो. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मसंबंधी ९८ घटना या संस्थेकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८० मध्ये रुग्ण दगावले. आपल्या संगणक कक्षात कोणाचा जीव जात नाही हे खरे. परंतु नियम तोच आहे. फालतू आवाज कमी केले तरच कामाचा आवाज ऐकू येतो.

तेव्हा निवड करणे भाग आहे, आणि ती अवघडही नाही. कंट्रोल पॅनलमध्ये 'साउंड' उघडून 'साउंड्स' या टॅबवर जावे. तिथे विंडोजच्या प्रसंगांची यादी असते. 'डिफॉल्ट बीप', 'ॲस्टेरिस्क', 'एक्स्क्लमेशन', 'डिव्हाइस कनेक्ट' यांपुढे 'नन' निवडावे. 'लो बॅटरी अलार्म' आणि 'क्रिटिकल बॅटरी अलार्म' मात्र तसेच ठेवावेत. मग 'सेव्ह ॲज' म्हणून या निवडीला 'शाळा' असे नाव द्यावे. वरच्या यादीत 'नो साउंड्स' असा तयार पर्यायही दिसेल, पण त्यात बॅटरीची सूचनाही गप्प होते, म्हणून तो नको.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ही निवड सबंध लॅपटॉपची नसून प्रत्येकाच्या खात्यापुरती असते. म्हणजे एकाच यंत्रावर त्या मुलीचे खाते वेगळे केले तर तिच्या सोयी तिच्याकडे राहतील आणि बाकीच्यांचे खाते शांत राहील. तिला एक हेडफोन दिला की वर्गालाही त्रास नाही. एका हेडफोनच्या किमतीत जो प्रश्न सुटतो त्यासाठी एका मुलीला मागे बसवायचे काय?

आणखी एक मुद्दा. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हे आम्हाला जवळून ठाऊक आहे. बीपबरोबर पडद्यावर जी चौकट येते ती बहुधा इंग्रजीत असते. आमची मुले घरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी बोलतात, आणि इंग्रजी चौकट दिसली की न वाचताच 'ओके' दाबतात. पुन्हा तीच चूक, पुन्हा तीच बीप. यावर आवाज बंद करणे हे औषध नव्हे. चौकटीतली दोन ओळी वाचून त्यांचा अर्थ समजून घेणे हे आहे. विंडोजमध्ये हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा निवडता येतात. निदान लहान वर्गांसाठी तसे करून पाहायला काय हरकत आहे?

आमचा प्रस्ताव एवढाच आहे. कक्षातील सर्व लॅपटॉपवर वरीलप्रमाणे 'शाळा' ही निवड लागू करावी. ज्या विद्यार्थ्याला आवाजाची गरज आहे त्याचे खाते वेगळे करून त्याला हेडफोन द्यावा. लॅपटॉप सुरू होतानाची बीप कोणी दाबू नये, ती किती वेळा वाजली ते नोंदवहीत लिहावे. आणि आठवीच्या पहिल्या चार तासांत मुलांना या बीप ओळखायला शिकवावे.

पालकांनाही एक विनंती आहे. घरचा संगणक किंवा मोबाइल वाजू लागला, की आपण मुलाला म्हणतो, 'बंद कर ते आधी.' त्याऐवजी एकदा विचारून पाहा, 'काय म्हणतोय रे तो?' उत्तर आले तर मुलाला यंत्र समजले म्हणायचे. नाही आले तर दोघांनी मिळून वाचावे, आणि मग तो आवाज ठेवायचा की घालवायचा हे मुलालाच ठरवू द्यावे.