वऱ्हाडचा कांदा आणि निर्यातीचे दार

कांद्याच्या निर्यातीवरील शुल्क 1 एप्रिल 2025 पासून उठले आणि परदेशच्या बाजाराचे दार पुन्हा मोकळे झाले, ही गोष्ट इष्टच झाली. परंतु दार उघडले म्हणून दुरावलेले गिऱ्हाईक आपण होऊन परत येत नसते, याची जाणीव केंद्र सरकारला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

मागील घटनाक्रम ध्यानात घ्यावा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनास 800 डॉलर ही किमान किंमत ठरली, आणि 8 डिसेंबरपासून निर्यात सरसकट बंद झाली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली ती 550 डॉलरची किमान किंमत व 40 टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरात किमतीची अट गेली, शुल्क निम्म्यावर आले आणि अखेर तेही गेले. वीस महिन्यांच्या आत सहा वेळा नियम बदलला! ढाका आणि दुबईचा व्यापारी अशा विक्रेत्यावर किती काळ विसंबून राहील? मधल्या काळात पाकिस्तानच्या कांद्याला आयताच वाव मिळाला.

वऱ्हाडच्या मनात याखेरीज एक वेगळे शल्य आहे. बंदी चालू असतानाच, 25 एप्रिल 2024 रोजी, 2,000 टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीस परवानगी मिळाली. मात्र त्यासाठी गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला हवा, अशी अट होती. दुसऱ्याच दिवशी अकोला व अमरावती येथे लोकसभेचे मतदान होते! पांढरा कांदा वऱ्हाडच्या मातीस परका नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘अकोला सफेद’ हा वाणच निर्माण केला आहे. गुजरातच्या शेतकऱ्यास मिळाले याचा आम्हांस विषाद नाही. तेच येथील शेतकऱ्यास का मिळू नये, एवढेच आमचे विचारणे आहे.

शहरातील गृहिणीचे हित आम्ही दृष्टीआड करीत नाही. टंचाईत भाव आवरणे हे सरकारचे कर्तव्यच होय. त्यासाठी राखीव साठ्याचे साधन आहे आणि 2023 मध्ये त्याचे उद्दिष्ट 3 लाखांवरून 5 लाख टनांवर नेण्यात आले होते. साठ्याचा खर्च साऱ्या समाजावर पडतो. बंदीचा भार मात्र मुख्यतः पिकविणाऱ्याच्या माथी येतो. स्वस्ताईची किंमत एकट्या त्यानेच का मोजावी?

रब्बी कांद्याची रोपे डिसेंबर-जानेवारीत लागतात, माल एप्रिल-मेमध्ये निघतो. तेव्हा निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वीच जाहीर व्हावे आणि काढलेला माल विकला जाईपर्यंत ते बदलू नये. निर्बंध अपरिहार्यच ठरला, तर आधी झालेले सौदे त्यातून वगळावेत. आणि सवलत द्यावयाची ती वाणास द्यावी, प्रांतास नव्हे. एवढे पथ्य पाळले गेले नाही, तर आज उघडलेल्या दारावर वऱ्हाडच्या शेतकऱ्याने विश्वास ठेवावा, असे त्यास कोणत्या तोंडाने सांगावे?