घरच्या संगणकाची रॅम

घरचा संगणक अडखळूं लागला, मध्येंच बंद पडूं लागला, कीं पालक नवा घेण्याच्या विचारास लागतात; दुकानदारही बहुधा तोच सल्ला देतो. आमचें मत निराळें आहे. पुष्कळ वेळां दोष रॅमच्या एखाद्या पट्टीचा असतो, आणि ती बदलली कीं तेंच यंत्र मुलांच्या अभ्यासास आणखी कांहीं वर्षें पुरतें. काम चालूं असतांना लागणारी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणें हें रॅमचें काम. साठविलेले निबंध व छायाचित्रें तिच्यांत नसतात, म्हणून ती काढल्यानें कांहीं नाहींसें होईल ही भीति नको.

आधीं परीक्षा करावी. यंत्र बंद करून, विजेची तार काढून, दोन पट्ट्यांपैकीं एकेक पाळीपाळीनें लावून पाहावी. मेमटेस्ट ८६ हें साधन रात्रभर चालविल्यास सदोष पट्टी बहुधा उघडकीस येते. आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींस हें सहज जमेल. पालकांनीं तें त्यांना करूं द्यावें. कधीं कधीं पट्टी काढून पुन्हां नीट बसविली तरी भागतें, आणि मग एक पैही खर्चावी लागत नाहीं!

बदलावयाचीच झाल्यास वेगापूर्वी जात पाहावी. डीडीआर ३, ४ व ५ यांच्या पट्ट्यांवरील खांच निरनिराळ्या ठिकाणीं असते. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं, व बळेंच दाबूं नये. डीडीआर ४ व ५ यांच्या मोठ्या पट्ट्यांस २८८ च पिना असतात, त्यामुळें फसगत होते. लॅपटॉपची पट्टी आंखूड असते. कित्येक पातळ लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डासच झाळलेली असते, तेथें इलाज नाहीं. जुन्या पट्टीवरील चिठ्ठी वाचली म्हणजे बहुतेक शंका फिटतात.

वेगाच्या आंकड्यांचा जाहिराती फार गाजावाजा करितात. २४०० च्या पट्टीशेजारीं ३२०० ची लाविली तर दोन्ही साधारणतः २४०० नेंच चालतात. अधिक दिलेले पैसे पाण्यांत गेले. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांविषयीं तर न बोललेलेंच बरें. शाळेच्या कामास वेगापेक्षां परिमाण महत्त्वाचें. विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइटची आहे खरी, परंतु तेवढ्यांत मुलाचा वेळ वाट पाहण्यांतच जातो. ८ पुरेत, १६ असल्यास सुख.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रागारांच्या मागणीमुळें रॅमचे भाव जगभर भडकले, व त्याची झळ साध्या गृहस्थासही लागली. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरांतील जुनी पावती शोधावी. कित्येक कंपन्या रॅमला आजन्म हमी देतात, आणि पट्टी मोबदल्याशिवाय बदलून मिळण्याचा संभव असतो.