घरांतील विरुद्ध मत

गेल्या दिवाळींत चांदूर बाजारास एका स्नेह्यांकडे आमचें जाणें झालें. घर एकत्र कुटुंबाचें. कांहीं मंडळी नोकरींत, कांहीं संत्र्याच्या बागेवर. रात्रीं ओसरीवर गोष्टी निघाल्या, त्या लोकमान्यांच्या निर्भीडपणावर आल्या, आणि ओघानेंच अमरावतीचें नांव निघालें. डिसेंबर १८९७ मध्यें तेथें राष्ट्रसभा भरली. शंकरन् नायर अध्यक्ष आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. टिळक तेव्हां राजद्रोहाच्या आरोपावरून झालेली अठरा महिन्यांची शिक्षा भोगीत होते. अशा दिवसांत सुरेंद्रनाथ बानर्जींनीं भर मंडपांत त्यांच्याविषयीं उघड सहानुभूति बोलून दाखविली. आपल्या जिल्ह्यांतील हा प्रसंग सांगतांना वडील मंडळींचा ऊर भरून येत होता.

मग गोष्ट बागेवर आली आणि यजमान एकदम गप्प झाले. चार वर्षांपूर्वीं जुन्या बागेलगत आणखी कलमें लावण्याचें ठरत असतां धाकटी सून म्हणाली होती, “विहिरीचें पाणी दरवर्षीं खालीं जात आहे. चैत्रानंतर जुन्याच झाडांना पुरत नाहीं. नव्यांना कोठून घालायचें?” त्यावर “मोठ्यांच्या बोलण्यांत पडूं नये” एवढेंच उत्तर तिला मिळालें, व ठराव एकमतानें पास झाला. गेल्या वैशाखांत विहीर तळाला गेली आणि नव्याबरोबर जुनीहि निम्मी झाडें वाळलीं. यजमान हळूच म्हणाले, “त्या दिवशीं तिला पुरें बोलूं द्यायला हवें होतें.”

ती गोष्ट आमच्या मनांतून जाईना. परक्या सत्तेस विरोध करणाराचें कौतुक सर्वांनाच वाटतें. आपलाच माणूस आपणांस विरोध करतो, तेव्हां मात्र त्याच निर्भीडपणास आपण उद्धटपणा म्हणतों. आगरकरांचें उदाहरण पाहा. त्यांचें कांहीं शिक्षण आपल्या वऱ्हाडांत, अकोल्यास झालें. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं टिळकांबरोबर त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले, तेव्हां लोकांनीं दोघांनाहि डोक्यावर घेतलें. पुढें १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून त्यांनीं आपल्याच समाजाच्या रूढींवर लेखणी चालविली, तेव्हां पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. ती काढणारे सरकारचे शिपाई नव्हते. तुमच्याआमच्यासारख्या घरांतील माणसें होतीं.

स्वराज्य आलें, आणि घटनेच्या एकोणिसाव्या कलमानें नागरिकांस भाषणस्वातंत्र्य दिलें. तरी जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली व वृत्तपत्रांतील मजकूर छापण्यापूर्वीं तपासला जाऊं लागला. त्याच वर्षीं कऱ्हाडास साहित्यसंमेलन भरलें. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण समोर बसले असतां अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठीं प्रार्थना करण्याचें आवाहन केलें. पुढील वर्षीं दुर्गाबाईंना अटक झाली. सुरेंद्रनाथ परक्या सरकारविरुद्ध बोलले होते. दुर्गाबाई आपल्याच सरकारविरुद्ध बोलल्या. दुसरें काम पहिल्याहून सोपें होतें, असें कोण म्हणेल?

विरोध करणाराचें म्हणणें नेहमींच खरें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. सूनबाईंचा अंदाज चुकलाहि असता. पण तो खोडून काढण्यासाठीं तरी कोणीं विहिरींत दोर सोडून पाणी मोजलें असतें! आपल्या शास्त्रकारांनीं आधीं पूर्वपक्ष पुरता मांडावा व मगच त्याचें खंडन करावें, ही रीत घातली ती याचसाठीं. ज्या राज्यांत पूर्वपक्ष मांडणाराच तुरुंगांत जातो, तेथें सिद्धांत खरा कीं खोटा हें कळावें कसें?

लोकशाहीचे नागरिक घरांतच घडतात. आपल्या घरांत भिन्न मताचें काय होतें, हें मुलें रोज पाहत असतात. निकाल वडिलांनींच द्यावा, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण तत्पूर्वीं धाकट्यांस विचारावें, आणि त्यांचें बोलणें पुरें होईपर्यंत थांबावें.

निरोप घेतांना यजमानांनीं सांगितलें, “पुढल्या लागवडीचा हिशेब सूनबाईच मांडणार आहेत.” आंतून लगेच आवाज आला, “पण आधीं पाणी मोजायचें!” त्यावर यजमान मोकळेपणानें हंसले.